गप्प बसणारी

दुकानाच्या दाराबाहेर दोन पावलं पडू दिली आणि मगच बाईंनी मुलीच्या कोपराला हलका हात लावला.

"बाळ, एक मिनिट. तुझं काहीतरी आत राहिलंय."

वाक्य ठरलेलं होतं. त्यात चोरी हा शब्द नव्हता, आवाज चढत नव्हता, आणि आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना वाटायचं की पोरगी आपली छत्री विसरली असेल. हे वाक्य ऐकून बहुतेक जण पळतात, नाहीतर रडू लागतात. ही मुलगी नुसती वळली. पंधरा-सोळा वर्षांची, चांगलीच उंच, पायांत धावायचे बूट, खांद्याला लांबट बॅग. तिने बाईंच्या हातातली खरेदीची टोपली पाहिली. टोपलीत एक साबण आणि एक बिस्किटांचा पुडा होता. सकाळपासून त्याच दोन वस्तू दुकानभर फिरत होत्या. अडलेल्या गणिताचं उत्तर उशिरा सापडावं तसं मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ती मुकाट्याने मागे फिरली.

दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांची चळत होती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. बाईंना ही खोली नवीन होती. मालकांची दुकानं दोन, शहराच्या दोन टोकांना, आणि गिऱ्हाईक बनून पाळत ठेवणाऱ्या बायकाही दोनच. सराईत चोरांना चेहरे पाठ होऊ नयेत म्हणून दोघींची अधूनमधून अदलाबदल व्हायची. कधी, ते आदल्या संध्याकाळी कळायचं, आणि घरीसुद्धा बोलायचं नाही असा दंडक होता. बाई आज सकाळीच या टोकाला आल्या होत्या. जुन्या दुकानातली मंडळी त्यांना दुर्बीण म्हणत. इथल्या लोकांना अजून ते नाव माहीत नव्हतं, आणि आपण होऊन सांगणं बरं दिसलं नसतं.

मॅनेजर पोरसवदा होता. टायची गाठ त्याला सारखी चाचपावी लागे. त्याने बॅग उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली: पिवळा टी-शर्ट, ग्लुकोजचा डबा, माउथवॉशची बाटली. बॅग उलटी करून झटकली तेव्हा पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी पडली, बिलासकट.

"त्या विकत घेतल्यात तिने," बाई म्हणाल्या. "रीतसर रांगेत उभी राहून. जाताना वॉचमनला वाजले किती तेही विचारलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मुरलेली आहे. नाहीतर कुणा मुरलेल्याच्या हाताखाली शिकलेली. चोर वॉचमनशी बोलायला जात नाही असं आपण धरून चालतो ना, सर."

मॅनेजरने टी-शर्ट झटकून मुलीच्या अंगासमोर धरला. सगळ्यात लहान माप होतं.

"हा तुला येणार तरी आहे का गं? डोकं आत गेलं तर हात बाहेर राहतील."

मुलीने टी-शर्टकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाई तिच्या जवळून खुर्ची ओढायला गेल्या तेव्हा त्यांना वास आला. वर पेपरमिंट, त्याच्या खाली दारू. फार नाही, एखाद-दोन घोट. पण भर दुपारी, या वयात. कुणीतरी पैज लावली असेल, अंगात थोडी गेली असेल, आणि त्या भरात दुकानात शिरून जे हाताला लागलं ते उचललं असेल. बाईंनी मनातल्या मनात गोष्ट जुळवून टाकली. टी-शर्टचं माप तेवढं त्या गोष्टीत बसत नव्हतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"नाव काय तुझं?" मॅनेजरने विचारलं.

मुलगी गप्प.

"आईचा नंबर सांग. नाहीतर बाबांचा. आम्ही पोलिसात देत नाही लगेच. घरच्यांना बोलावतो, समज देतो, संपलं."

मुलीने हात मांडीखाली घातले आणि समोरच्या खोक्यावरची अक्षरं वाचू लागली.

पकडलेल्यांचे तीन प्रकार असतात, असं बाई घरी सांगत. रडके, भांडके आणि मुके. रोज जेवताना हाच कार्यक्रम असे. दिवसभर दुकानात तोंड मिटून फिरायचं म्हटल्यावर संध्याकाळी सगळं बोलणं एकदम तोंडाशी येई. मग पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून बाई उठायच्या आणि स्वयंपाकघरात चालून दाखवायच्या: बाहीत वस्तू असलेला माणूस तो हात कसा हलवत नाही, पोटाशी काही दडवलेली बाई खाली वाकायचं कसं टाळते, आणि खरोखर हुशार असतो तो कसा काहीतरी किरकोळ विकत घेऊन हसत बाहेर पडतो. त्यांची चिंगी हसून हसून पाणी नाकात जाऊन ठसकायची. पंधरा वर्षांची झाली होती, हल्ली आईशी मोजकंच बोलायची; शाळेचं विचारलं तर "ठीक", मैदानावरचं विचारलं तर "ठीकच की". पण जेवायला बसली की स्वतःच म्हणायची, "आई, आज कोण सापडलं?" बाईंना त्या प्रश्नाचं फार अप्रूप होतं. ज्या दिवशी कुणी सापडलं नसेल त्या दिवशी त्या कालचाच चोर मीठमसाला लावून वाढायच्या.

"तुझ्या आईला नाटकात घालायला हवी होती," चिंगीचे बाबा म्हणायचे. ते धुलाईच्या कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करत आणि त्यांच्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नसे. "फुकट चाललीय दुकानात."

"आणि मुके? त्यांचं काय करतात?" चिंगीने एकदा विचारलं होतं.

"त्यांचं कोण काय वाकडं करणार? नाव नाही, पत्ता नाही. पोलिसात न्यायचं तर दुकानाची दोन माणसं अख्खा दिवस अडकतात. त्यापेक्षा दोन शब्द सुनवायचे आणि द्यायचं सोडून. गप्प बसणारा जिंकला." मग बाई म्हणाल्या होत्या, "अर्थात, माझ्यापुढे जास्त वेळ गप्प बसणं सोपं नाही हं."

ते खरं होतं. मुक्यांना बोलतं करायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती म्हणजे काहीच न करणं. मॅनेजर कंटाळून बाहेर गेल्यावर त्यांनी मुलीपुढे पाण्याचा पेला ठेवला, स्वतःसाठी चहा मागवला आणि टेबलाच्या खणातून गुंतलेल्या किमतीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्या शांतपणे सोडवू लागल्या. प्रश्न नाही, उपदेश नाही. शांततेला वजन असतं. ते समोरच्याच्या अंगावर हळूहळू चढतं आणि शेवटी तोच ते खाली ठेवतो.

मुलीने पाण्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने तिचा उजवा गुडघा हलायला लागला. बाईंनी ते पाहिलं. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, दाराकडे, पुन्हा घड्याळाकडे. तिचा फोन टेबलावर ठेवला होता. तिकडे तिचा हात गेला आणि परत आला. बाईंनी तेही पाहिलं. घरच्यांची भीती, त्या मनात म्हणाल्या. यायची वेळ झाली असेल आईची. आता फार लांब नाही.

दार किलकिलं करून मॅनेजरने डोकं आत घातलं.

"बोलली?"

"बोलेल."

"ताई, सोडून देऊया. माल परत मिळालाय. बाहेर गर्दी वाढतेय, तुम्ही इथे अडकून पडलात."

मुलीने मान वर केली. बॅगेचा पट्टा तिने मुठीत घेतला होता.

बाईंनी त्या मुठीकडे पाहिलं. नवीन दुकान, पहिला दिवस. आणि पोरीच्या तोंडाला येणारा तो वास. अशा पोरीला आज नुसतं सोडलं तर उद्या ती जास्त धीट होऊन येईल. हिची आई कुठेतरी निर्धास्त बसली असेल, तिला कळायला हवं.

"थोडं थांबा, सर. माझ्यावर सोडा."

"बघा बुवा," म्हणत त्याने दार लावून घेतलं.

मुलीची मूठ सैल झाली. चहावर साय धरली. बाईंनी एक गाठ सोडवली, दुसरी हातात घेतली. बाहेर कुणीतरी काचेचं काही पाडलं आणि बराच वेळ खराट्याचा आवाज येत राहिला.

"मला कधी सोडणार?" मुलगी म्हणाली.

बाईंनी चिठ्ठ्यांवरून नजर काढली नाही. पहिला शब्द पडला की घाई करायची नसते.

"नाव सांगितलंस की."

मुलीने ओठ आवळले. तिचा गुडघा आता थांबला होता, आणि हे बाईंना थोडं विचित्र वाटलं, कारण भीती अशी मधेच थांबत नाही. त्यांनी वर पाहिलं. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, पण घाबरलेल्या पोराने मोठ्या माणसाकडे बघावं तसं नाही. ती काहीतरी तोलत होती.

"माणूस झोपेत घोरतो ना," तिने विचारलं, "म्हणजे त्याला बरंच वाटत असतं ना?"

"कोण घोरतंय?"

"दारू पिऊन झोपलं तरी?"

बाईंनी हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. "कोण झोपलंय? कुठे?"

मग मुलगी बोलू लागली, आणि एकदा लागल्यावर थांबेना. मैत्रीण. मैदानावर सरावाला बरोबर असते. सुट्टीत दुपारी मैदानावर कुणी नसतं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली सामानाची खोली आहे, तिचं कुलूप नुसतं अडकवलेलं असतं. बाटली मैत्रिणीनेच आणली होती, गेल्या आठवड्यात याच दुकानाच्या दारूच्या कपाटातून उचललेली. एकटीने. सोपं असतं म्हणाली. मुलीने स्वतः दोनच घोट घेतले, कडू लागली. मैत्रीण म्हणाली, बघ आता, आणि पाणी प्यावं तशी प्यायली. आधी खूप हसली. मग उलटी झाली, कपड्यांवर सगळी. मग झोपली.

"उंच उडीच्या गादीवर नीट झोपवलंय मी तिला. उताणी. डोक्याखाली तिची बॅग ठेवलीय. घोरत होती, म्हणून मला वाटलं, गाढ झोपलीय तर झोपू दे. उठेपर्यंत टी-शर्ट बदलू, ग्लुकोज देऊ, तोंड धुऊ. तिच्या आईला कळता कामा नये."

"आईचं राहू दे. कुठलं मैदान?"

"तुम्हाला नाही माहीत, तिची आई वेगळी आहे. ती दुकानात चोर पकडते, त्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात. तिला नुसतं बघून सगळं कळतं. म्हणून तर आम्ही तिकडे जात नाही, इकडे येतो." मुलीला हुंदका आला. "तिने सांगितलं होतं, पकडलं तर काहीच बोलायचं नाही. कंटाळून सोडतात."

टेबलावर पिवळा टी-शर्ट पडला होता. सकाळी चिंगी दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती, तेव्हा तिच्या पाठीवर हाच रंग होता.

बाई उठल्या. खुर्ची मागच्या खोक्यांवर आपटली, ती त्यांनी उचलली नाही.

मैदान दुकानामागच्या दुसऱ्या रस्त्याला होतं. मुलगी पुढे धावत होती, लांब लांब टांगा टाकत, आणि दर थोड्या अंतरावर वळून बाई येताहेत का ते पाहत होती. मॅनेजर मागून फोन कानाला लावून पळत होता आणि रुग्णवाहिकेवाल्याला रस्ता समजावताना दोनदा चुकला. पायऱ्यांखालच्या खोलीत चुन्याचा आणि उलटीचा वास होता. अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी एकावर एक रचलेल्या, त्यांच्या पलीकडे गादी, आणि गादीवर चिंगी, खरोखरच नीट झोपवलेली, हात दोन्ही बाजूंना सरळ. ती घोरत नव्हती.

बाईंनी तिला कुशीवर वळवलं. बोटं घालून तोंड मोकळं केलं. ओठांचा रंग त्यांनी पाहिला आणि पाहिला नाही. "चिंगे," त्या म्हणाल्या, "ए चिंगे," शाळेला उशीर होत असल्यावर म्हणायच्या तशा आवाजात. छाती हलली, फार वेळाने पुन्हा हलली.

उंच मुलगी दारात उभी होती. बाईंच्या तोंडून ते नाव ऐकल्यावर ती हळूहळू चौकटीला टेकत खाली बसली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. वयाने बेताच्याच, पण प्रश्न नेमके. किती प्यायली, रिकाम्या पोटी का, उलटी कधी झाली, शुद्धीवर शेवटची कुणी पाहिली.

"हिने," बाई उंच मुलीकडे बघून म्हणाल्या. "मग ही दुकानात आली. मी पकडलं हिला. मागच्या खोलीत बसवलं. बराच वेळ बसवलं." दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळात मुलगी सारखी बघत होती, त्यामुळे किती वेळ ते बाईंना बिनचूक सांगता आलं. त्यांनी ते सांगितलं. इथे काही झाकायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "उलटी श्वासनलिकेत गेलीय. श्वासासाठी यंत्र लावलंय. मेंदूला प्राणवायू किती वेळ कमी पडला, त्यावर पुढचं. आज काही सांगता येणार नाही."

"आणि लवकर आणली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी आतल्या दाराला हात घातला. "लवकर केव्हाही बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मॅनेजरने फोनवर सगळं सांगितल्यावर चिंगीचे बाबा आले ते कारखान्यातल्या कपड्यांतच. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्यांनी काचेतून आत पाहिलं, मग बायकोकडे, मग बाकाच्या टोकाला बसलेल्या मुलीकडे. ती आपली मोठी पावलं एकमेकांवर ठेवून बसली होती. तिची आई कामावरून निघाली होती, अजून पोचली नव्हती.

"ही कोण?"

"लंबू," बाई म्हणाल्या. हे नाव त्यांनी घरी कित्येकदा ऐकलं होतं: लंबूने आज उंच उडीची दोरी पाडली, लंबूने मला पाणी दिलं. चेहरा आज पाहिला.

"तू होतीस ना बरोबर?" बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढला नव्हता. "तिला तशी टाकून गेलीस. बरं, गेलीस. तुला यांनी धरलं, तेव्हा तरी बोलायचंस. एक शब्द. मोठ्या माणसांत बसली होतीस ना तू?"

लंबूने तोंड उघडलं.

"तिने सांगितलं," बाई म्हणाल्या.

बाबा वळले.

"बसल्या बसल्या सांगितलं. लगेच. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, सुटायला थापा मारतेय. मॅनेजर सोडा म्हणत होता, मीच म्हटलं, थांबा."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या तोंडून पुष्कळ गोष्टी ऐकल्या होत्या आणि प्रत्येकीत मीठमसाला किती ते त्यांना बरोबर कळायचं. या वेळी त्यांनी ओली बाही तोंडावरून फिरवली. "मी पाणी बघतो कुठे मिळतं," असं म्हणून ते लांबलचक व्हरांड्यातून निघाले, आणि कोपऱ्यावर चुकीच्या बाजूला वळले.

बाई लंबूच्या शेजारी बसल्या. काचेपलीकडे यंत्र एका लयीत वरखाली होत होतं. तेवढा आवाज सोडला तर शांतता होती, आणि ती दोघींच्याही अंगावर होती.

"काकू," बऱ्याच वेळाने लंबू म्हणाली, "मी लगेच नव्हतं सांगितलं."

"माहितेय."

"मग तुम्ही असं का..."

"चिंगी उठल्यावर विचारेल तुला, कधी सांगितलंस म्हणून. तेव्हाही हेच सांगायचं. लगेच सांगितलं, आईने ऐकलं नाही."

लंबूने मान हलवली. मग तिने काचेकडे पाहिलं, आणि यंत्राकडे पाहतापाहताच विचारलं, "आणि काकू, जर ती..."

बाईंनी तिचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. तळवा थंड होता, बोटांना अजून मैदानावरचा चुना लागलेला होता.

"तरीही हेच," त्या म्हणाल्या.